दर चवथीला अडकणारं दार: रंधा मारण्याआधी काय तपासायचं

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दार नुसतं कुरकुरतं. जुलैत खांदा लावून लोटावं लागतं. ऑगस्ट उजाडला, गणपतीच्या चवथीची साफसफाई आणि रंगकाम निघालं, की घरातलं कोणीतरी वैतागून मेस्ताला, म्हणजे सुताराला, फोन करतं. मेस्त येतो, कुलपाच्या बाजूची कड रंध्याने तासतो, दार एका बोटाने मिटायला लागतं, आणि चहा पिऊन तो पुढच्या घरी जातो. शिमग्याच्या सुमारास त्याच दाराच्या कडेतून पलीकडच्या खोलीतला उजेड दिसतो आणि कुलपाची जीभ जेमतेम अडकते. जुलैत दार परत घट्ट.

गोव्यात लाकडी दारं असलेल्या घरांना हे नवीन नाही, आणि ‘आमच्याकडे पाऊसच तसला’ म्हणून सगळे ते सोडून देतात. पाऊस तसला आहेच. पणजीला वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. भर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. पण दरवर्षी तासलेलं दार दरवर्षी अडकतं, याला बऱ्याचदा तो रंधाच कारण असतो. रंध्याखाली कडेवरचा रंग निघून जातो. पावसात उघड्या पडलेल्या त्या ओल्या लाकडावर घाईत मारलेला एक हात रंग धरत नाही. पुष्कळदा तोही मारला जात नाही. पुढच्या वर्षी पाणी प्यायला तीच कड सगळ्यांच्या पुढे.

शिवाय अडकणारं प्रत्येक दार फुगलेलंच असतं असं नाही. कुठे बिजागरी ढिली असते, कुठे चौकटीची बाही, म्हणजे बाजूचं उभं लाकूड, ओळंब्यात नसते, कुठे नवी फरशी घालताना जमीनच वर आलेली असते. अशा ठिकाणी रंधा मारला की मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि दार तेवढं लहान होतं. तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, त्यामुळे रंधा हा शेवटचा उपाय.

कुठे घासतंय ते आधी बघा

दार सावकाश मिटत आणा आणि सगळ्यात आधी कुठे टेकतं ते बघा. कडेवर जिथे रंग घासून चकाकतोय किंवा काळपट झालाय तिथे पेन्सिलने खूण करा. मग जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या आणि मिटलेल्या दाराच्या फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवा. जिथे अडेल तिथे दुसरी खूण. बिजागरीच्या बाजूनेही फिरवा. ती बाजू सगळे विसरतात आणि अर्धी गोष्ट तिथेच असते.

दार कुलपाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात घासत असेल, किंवा त्याच बाजूला खाली फरशीला टेकत असेल, तर ते फुगणं नव्हे. लाकूड रुंदीत वाढतं, लांबीत जवळजवळ नाही. दाराच्या उभ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत अखंड असतात, त्यामुळे पावसाने दार उंच होत नाही. ते एका बाजूला उतरलेलं असतं. दार अर्धवट उघडं ठेवा, मूठ दोन्ही हातांनी धरून वर उचलून बघा आणि दुसऱ्या कोणाला तरी वरच्या बिजागरीकडे बघायला सांगा. बिजागरीचं पान चौकटीपासून जरासुद्धा सुटताना दिसलं की दोष सापडला.

हे स्क्रू ढिले का होतात ते कोणत्याही कामावर उभं राहून बघता येतं. बिजागरी खाचेत धरायची, स्क्रू हातोडीने अर्ध्यापर्यंत ठोकायचा आणि उरलेला पेचकसाने फिरवायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत आत जातो. त्याच्या आट्यांना पकडायला काही उरतच नाही. पहिलं वर्ष तो नुसत्या घट्टपणावर राहतो. पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि दुसऱ्या वर्षी स्क्रू बोटांनी फिरतो. सात फूट बाय तीन फुटांचं, ३५ मिलिमीटर जाडीचं भरीव फ्लश दार, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट दार, ३५ किलोच्या आसपास भरतं. त्याचा सगळा ओढा वरच्या बिजागरीवर असतो.

इलाज सोपा आहे, फक्त एक रात्र थांबावं लागतं. ढिला स्क्रू काढा. भोक ८ किंवा १० मिलिमीटरच्या ड्रिलने नीट गोल करून घ्या. त्यात सुक्या सागाची गुल्ली सुतारी गोंद लावून ठोका. दुसऱ्या दिवशी गुल्ली पटाशीने कापून कडेशी सपाट करा, ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि स्क्रू पहिल्यापासून फिरवूनच बसवा. वरच्या बिजागरीचा चौकटीत जाणारा एक तरी स्क्रू ५० मिलिमीटर लांब घ्या. भोकात आगपेटीच्या काड्या कोंबणं हा पाहुणे येऊन जाईपर्यंतचा उपाय आहे, त्यापुढचा नाही.

मांद्रे, कळंगूट, बेतूल, पाळोळे अशा किनाऱ्यालगतच्या गावांत आणखी एक भानगड. लोखंडी बिजागरी खाऱ्या हवेत गंजते, गंज जाड होतो आणि दोन पानं एकमेकांवर पूर्ण मिटेनाशी होतात. दार मिटताना शेवटच्या दोन इंचांत ताठरतं, सोडलं की परत मागे येतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं कुलपाची बाजू अडकतेय, म्हणून तो तिथे तासतो. तासून काहीही होत नाही. बिजागऱ्या बदला, स्टेनलेस स्टीलमध्ये स्वस्त २०२ प्रतीच्या घेऊ नका, ३०४ घ्या, आणि स्क्रूही त्याच धातूचे. बिजागरी स्टेनलेस आणि स्क्रू पॉलिश केलेले लोखंडी, हा प्रकार दुकानातून निघतानाच होतो, कारण स्क्रूंची पुडी कोणी उघडून बघत नाही.

असंच मागे येणारं दार बिजागऱ्या नव्या असूनही दिसलं, तर खाच जास्त खोल गेलीय किंवा स्क्रूंची डोकी पानाच्या वर राहिलीत. डोकी वर असतील तर पानाची भोकं थोडी रुंद करून स्क्रू आत बसवा. खाच खोल असेल तर बिजागरीमागे पत्रिकेच्या पुठ्ठ्याचा तुकडा पानाच्या मापाने कापून घाला. एक मिलिमीटरच्या पुठ्ठ्याने दार कुलपाच्या बाजूला साधारण एक मिलिमीटर सरकतं, हे लक्षात ठेवा. पुढे तेच उलटं वापरायचं आहे.

दार बरोबर मधल्या उंचीवर, मुठीच्या आसपास घासत असेल आणि वर-खाली कागद मोकळा फिरत असेल, तर संशय चौकटीवर घ्या. चौकटीच्या बाहीला वरून खाली दोरी ताणून धरा. मध्ये दोरी आणि लाकूड यांतलं अंतर बदललं तर बाही आत झुकलेली आहे. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत चढवताना चौकटीला मध्ये आडवी पट्टी मारली नव्हती, किंवा अलीकडच्या कामांत चौकटीमागे फोम भरताना तो फुगून बाहीला आत ढकलून बसला, ही दोन कारणं जास्त भेटतात. बाही परत बाहेर ढकलणं म्हणजे प्लास्टर फोडणं. तीन-चार मिलिमीटरपर्यंतचा बाक असेल तर त्याच ठिकाणी चौकट तासलेली बरी. इथे दाराला हात लावू नका.

वर टेकतं पण खाली पाव इंच बाहेर राहतं, म्हणजे दार पिळलंय किंवा दोन बाह्या एका पातळीत नाहीत. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या दोऱ्या बांधा. मध्यभागी त्या एकमेकींना हलक्या टेकल्या तर चौकट सरळ आहे आणि दोष दाराचा. दाराला पीळ किंवा बाक येण्याचं एक कारण आता गोव्यात वाढत चाललंय: एका बाजूला एसीची कोरडी बेडरूम, दुसऱ्या बाजूला दमट हॉल. एकाच दाराची एक बाजू सुकते, दुसरी ओल धरते आणि दार आंब्याच्या फोडीसारखं वाकतं. एका बाजूला सनमायका आणि दुसरीकडे नुसता रंग असेल तर हे लवकर होतं. दोन्ही बाजूंना एकच आवरण हवं, मग ते सनमायका असो की रंग. आधीच वाकलेल्या दाराला मधली बिजागरी थोडी पुढे-मागे घेऊन पाच-सहा मिलिमीटरपर्यंत सांभाळता येतं. त्यापुढे दार बदलायचा खर्च मनात धरा.

आपोआप उघडणारं किंवा मिटणारं दार ही बिजागरीकडच्या बाहीची ओळंब्याची चूक. बिजागरीची दांडी किंचित वाकवून दार थांबवतात, आणि ते थांबतंही. पण ओळंबा दुरुस्त होत नाही आणि बिजागरी लवकर झिजते. खालच्या किंवा वरच्या बिजागरीमागे पुठ्ठा घालून झुकाव काढा.

राहिलं खरं फुगलेलं दार. त्याची खूण स्पष्ट असते. कुलपाच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखं घासतं, बिजागऱ्या घट्ट असतात आणि हा त्रास साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढाच असतो.

फुगतं म्हणजे किती

लाकडात मुरलेला ओलावा हवेच्या दमटपणाबरोबर वर-खाली होतो. आपल्याकडे घरातलं लाकूड एप्रिल-मेमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास असतं आणि लांबलेल्या पावसात १८ टक्क्यांच्या जवळ जाऊ शकतं. साध्या चिरलेल्या सागाची फळी ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे रुंदीत साधारण ०.२ टक्के वाढते. म्हणजे उभ्या फळ्या जोडून केलेलं ८०० मिलिमीटर रुंदीचं दार सहा टक्क्यांत जवळजवळ ९ ते १० मिलिमीटर फुगायला हवं. तसं दार गोठ्याला आणि मागच्या पडवीला लावतात ते त्यामुळेच. तिथे बोटभर फट चालते.

पॅनेलच्या दाराचं गणित वेगळं. त्यात वरची, मधली आणि खालची पट्टी आडवी असते, म्हणजे दाराची रुंदी त्यांच्या लांबीत मोजली जाते, आणि लांबीत लाकूड हलत नाही. रुंदीत वाढतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. त्या १०० मिलिमीटरच्या धरल्या तर २०० मिलिमीटरवर १.२ टक्के, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आत. मधलं पॅनेल खोबणीत मोकळं असतं, ते आतल्या आत फुगतं. एखाद्या हुशार माणसाने ते पॅनेल गोंद लावून पक्कं केलं असेल, तर मात्र ते पट्ट्यांचे सांधे उघडतं किंवा स्वतः मधोमध तडकतं.

जुन्या घरांतली दोन झडपांची दारं याच हिशोबाने टिकली. झडप अरुंद, वाढ दोन्हीकडे वाटली गेलेली, आणि दोन्ही झडपा जिथे मिटतात तिथे एकीवर दुसरीची पट्टी चढलेली. फट तीनची झाली काय नि पाचची झाली काय, दिसत नाही. आतल्या खोल्यांना आता कोणी तशी दारं करत नाही, त्याला कारण जागा आणि मजुरी. पण सुचवावीशी वाटतात, विशेषतः देवघराला.

लाकडाच्या जातीनेही फरक पडतो. ऐन, ज्याला आपण मट्टी म्हणतो, त्याचं लाकूड जड आणि मजबूत, चौकटीला उत्तम. पण ते सागापेक्षा जास्त हलतं. मट्टीच्या दाराला सागाच्या मापाची फट ठेवली की पहिल्याच पावसात ते सांगतं. फ्लश दार उलट सुतारकामातल्या सगळ्यात कमी हलणाऱ्या वस्तूंपैकी एक, कारण त्याच्या पृष्ठभागाचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. फ्लश दार जर दर पावसाळ्यात चार मिलिमीटर फुगत असेल तर ते फुगत नाही, आतून सुटत चाललंय. कडेला बोटाने दाबून बघा. मऊ लागलं किंवा थर उकललेले दिसले तर त्यावर पैसे घालू नका.

या हिशोबातून एक गोष्ट निघते जी मेस्तांना सांगावी लागते: दाराची फट महिन्यावर ठरते. मे महिन्यात सागाचं पॅनेलचं दार बसवताय तर बिजागरीकडे २ आणि कुलपाकडे ४ ते ५ मिलिमीटर सोडा. चौकटीच्या बाह्याही फुगून एखादा मिलिमीटर खातात. तेच दार ऑगस्टमध्ये बसवताय तर दोन्हीकडे २ पुरे, कारण ते आत्ताच पुरतं फुगलेलं आहे, यापुढे आकसणारच. ऑगस्टमध्ये ‘ऐसपैस’ पाच मिलिमीटर ठेवलेलं दार मार्चमध्ये आठ दाखवतं. सगळ्या घराला बारमाही ३ मिलिमीटर हे जे माप सांगितलं जातं, ते फ्लश दाराला ठीक, भरीव लाकडाला नाही.

भर पावसात अडकलं तर

रंधा पेटीतच राहू द्या. कड सुक्या फडक्याने पुसा, तिच्यावर मेणबत्ती किंवा कपडे धुण्याच्या साबणाची वडी दाबून घासा. किरकोळ अडकणं एवढ्यानेच सुटतं. खोलीचा पंखा चालू ठेवा आणि सकाळी धुवाधार पाऊस चालू असताना खिडक्या उघड्या टाकू नका. ओले कपडे त्या खोलीत दोरीवर वाळत असतील तर ती दोरी आधी हलवा. एक बादली धुण्यातून सगळं पाणी शेवटी खोलीतल्या हवेत आणि लाकडात जातं.

एवढ्याने भागलं नाही, तर बिजागरीकडे जा. तिथे दोन मिलिमीटरची फट असेल तर चौकटीतली खाच पटाशीने एक मिलिमीटर खोल करा, तीनही बिजागऱ्यांची सारखी. अख्खं दार बिजागरीकडे सरकतं आणि कुलपाची बाजू मोकळी होते. मार्चमध्ये फट मोठी दिसायला लागली की मागे पुठ्ठ्याचा तुकडा घाला आणि दार परत जागेवर. रंध्याने गेलेलं असं परत आणता येत नाही. आधीच मागे पुठ्ठा असेल तर आणखी सोपं. फक्त तो काढायचा.

अगदीच निरुपाय झाला, आतल्या खोलीत म्हातारं माणूस आहे आणि दार मिटलं तर उघडणार नाही अशी वेळ आली, तर जिथे पेन्सिलची खूण आहे तेवढीच जागा पॉलिश पेपर लावलेल्या लाकडी ठोकळ्याने घासा आणि लगेच मेण चोळा. कुलपाची जीभ बसत नसेल तर चौकटीवरच्या पट्टीचं भोक कानशीने वाढवा, दार तासू नका.

कोरड्या दिवसांतला खरा इलाज

फेब्रुवारी ते एप्रिल हे या कामाचे महिने. दार उतरवा. उतरवल्याशिवाय हे काम होत नाही, आणि नेमकं त्यालाच सगळे कंटाळतात.

दार आडवं ठेवलं की पहिल्यांदा त्याची वरची आणि खालची कड बघा. उतरवायच्या आधीही बघता येते: स्टुलावर चढून मोबाईल दाराच्या वर धरा आणि फोटो काढा. रंगवलेल्या, पॉलिश केलेल्या, महागड्या मुठीच्या दाराची वरची कड कोरी, धुळीने राखाडी झालेली, सुताराच्या पेन्सिलचा आकडा अजून तसाच दाखवणारी निघते. रंगाऱ्याला विचारा. तो म्हणतो, ‘ती कोण बघता, बाब?’ पण उभ्या पट्ट्यांची टोकं तिथे उघडी असतात, आणि लाकूड पाणी ओढतं ते सगळ्यात जास्त टोकांतून, तंतूंच्या तोंडांतून. खालची टोकं तर रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या फरशीपासून अर्ध्या सेंटिमीटरवर असतात. चारही बाजूंनी चकचकीत आणि दोन टोकांना उघडं असं दार आत पाणी घेतं आणि बाहेर लवकर सोडत नाही.

कडा सुक्या आहेत याची खात्री करा, पॉलिश पेपर मारा, भेगा लांबी (पुट्टी) भरून बुजवा. मग प्रायमर आणि त्यावर रंगाचे किंवा पॉलियुरेथेनचे दोन हात, सहाही बाजूंना. टोकांना एक हात जास्त, कारण पहिला हात लाकूड गिळून टाकतं. बिजागरीच्या खाचा आणि कुलपासाठी कोरलेली पोकळी आतूनही रंगवा. तासायचंच असेल तर ते याच वेळी, रंगाआधी, आणि पावसात केलेल्या खुणांच्या मापाने. आत्ता दार आकसलेलं आहे, डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. कुलपाच्या बाजूची कड तासताना दार ज्या बाजूने आधी चौकटीत शिरतं तिकडे दीड-दोन मिलिमीटरचा उतार द्या. दार मिटताना ती कड कमानीत फिरून आत येते, उतार नसला की फट असूनही कोपरा टेकतो.

दार उतरवणं शक्यच नसेल तर खालच्या कडेसाठी एक युक्ती आहे: जुन्या गालिच्याची किंवा जाड फडक्याची हातभर पट्टी व्हार्निशमध्ये बुडवा, दाराखालून सरकवा आणि दोन माणसांनी दोन टोकं धरून वर दाबत पुढे-मागे ओढा. खाली वर्तमानपत्र घाला. काम देखणं होत नाही, पण कड बंद होते.

यानंतरही दार थोडं हलणारच. रंग ओलावा अडवत नाही, उशीर लावतो. पण चार महिन्यांच्या पावसात हा उशीर पुष्कळ असतो.

नवीन चौकट बसवताना

खोलीत आडभिंत घालून नवीन दार काढताय, किंवा जुनी वाळवी लागलेली चौकट बदलताय, तर वरचे निम्मे त्रास इथेच टाळता येतात.

लाकूड सुकं आहे का हे विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नाही. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर त्याच लाकडाचा एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, वजन लिहा, घरातच ठेवून आठवड्याने परत मोजा. वजन उतरत असेल तोवर ते लाकूड कापू नका. चौकटीचं आणि दाराचं सगळं लाकूड ज्या घरात बसायचं त्याच घरात, जमिनीपासून वर, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा. नव्या प्लास्टरचं पाणी सुकायच्या आधी दार आत आणू नका. भिंतीतून निघणारी ती वाफ लाकूडच शोषतं.

चौकट जमिनीवर आडवी ठेवून दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की वरच्या दोन कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या आणि खाली, मध्ये अशा दोन आडव्या पट्ट्या मारा. मधली पट्टी म्हणजे बाही आत झुकण्यावरचं औषध. भिंत बांधून, प्लास्टर करून, सगळं आवळून बसेपर्यंत ती काढायची नाही. कामाच्या जागी माणसांना ये-जा करायला ती आड येते म्हणून कोणीतरी दुसऱ्याच दिवशी उपटतं. तेवढ्यापुरतं तिथे स्वतः उभं राहावं.

बिजागरीकडची बाही आधी. तिला ओळंबा दोन दिशांनी लावा: एकदा भिंतीच्या समोरून आणि एकदा चौकटीच्या आतून. ती सरळ झाली की दुसरी बाही तिच्या पातळीत आणा आणि तिरप्या दोऱ्यांनी पीळ तपासा. जमीन उताराची असेल, आणि जुन्या घरांत ती असतेच, तर बाह्यांची लांबी कमी-जास्त करा. वरची पट्टी मात्र पाणसळीतच हवी.

चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल वर चढवतो आणि त्यात ठोकलेला खिळा धरत नाही. म्हणून चौकटीला प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट, म्हणजे भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्या, घ्या आणि त्यांच्यासाठी चिऱ्यात खड्डा करून तो १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटने भरा. चिऱ्याचा चुरा आणि मसाला कालवून बुजवू नका. भिंतीला लागणाऱ्या चौकटीच्या पाठीला डांबर किंवा लाकूड टिकवायचं औषध दोन हात लावा, आणि बाह्यांच्या तळाच्या टोकांना तर बुडवूनच. पूर्वी बाह्या जमिनीत रोवायच्या. आता फरशी पुसायच्या पाण्यात त्या उभ्या राहतात, म्हणून त्यांच्याखाली ग्रॅनाइटचा तुकडा घालून त्यावर ठेवलेल्या बऱ्या. वाळवीलाही आत शिरताना उघड्यावरून यावं लागतं आणि ती दिसते. फोमवरच चौकट धरायची असेल तर थोडाथोडा, दोन-तीन वेळा भरा आणि आतल्या आडव्या पट्ट्या तशाच राहू द्या.

दाराला तीन बिजागऱ्या: वरची टोकापासून १५० ते २०० मिलिमीटरवर, खालची २५० वर. तिसरी काहीजण वरच्या बिजागरीच्या जवळ लावतात, वजन पेलायला. आपल्या हवेत ती मध्येच असावी असं माझं मत, कारण इथे दार उतरण्याइतकंच वाकतंही आणि मधली बिजागरी तो बाक धरून ठेवते. फ्लश दार घेताना कडेला भरीव लाकडी पट्टी किती रुंद आहे ते विचारा. कापायचं झालं तर त्या पट्टीच्या आतच कापता येतं. पट्टी गेली की स्क्रूला धरायला उरतो तो गाभा, आणि गाभा भुश्शाच्या बोर्डाचा असेल तर स्क्रू त्यात काडीइतका टिकतो. फ्लश दारांसाठी आयएस २२०२ हे मानक आहे, त्याचा शिक्का दारावर असतो. पाणी सोसणाऱ्या गोंदाचं दार आहे ना, एवढं तरी बघून घ्या.

दार एकदा तात्पुरतं टांगून बघा, फटी तपासा, उतरवा, सहा बाजूंनी रंगवा आणि मग पक्कं करा. दोनदा टांगण्याची मजुरी मेस्त जास्त मागेल. द्यावी.

न्हाणीघराला लाकूड लावूच नये. खालचा फूटभर भाग कुजतो, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा मारला की पाणी पत्र्यामागे अडकून आणखी लवकर कुजतो. तिथे पीव्हीसी, फायबर किंवा जास्त घनतेचं डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं) दार घ्या. हलक्या डब्ल्यूपीसीत स्क्रू धरत नाहीत. चौकट ग्रॅनाइटची करत असाल तर बिजागरीची भोकं मापं देऊन कारखान्यातच पाडून आणा. जागेवर ड्रिल मारताना कडेची ढलपी उडते आणि ती जोडलेली शेवटपर्यंत दिसते.